वड्यातला सह्याद्री

आमच्या घरात खाण्यातला जाणकार मी. म्हणजे तसं मी समजतो; बाकीचे निमूट खातात. कुठल्याही गावाला निघालो की तिथे काय आणि कुठे खायचं यावर माझं प्रवचन सुरू होतं आणि बायको इअरफोन शोधायला लागते.

कोल्हापुरात मी मिसळीबरोबर पाव मागत नाही. तिथे स्लाइस ब्रेड येतो हे याला ठाऊक आहे, असं चारचौघांना कळलं पाहिजे. एवढं करूनही वाढणारा पोऱ्या म्हणाला, "पुण्यास्नं आलाय न्हवं? कट बेतानंच घालू?" स्वाभिमानी माणसानं अशा वेळी काय करायचं? मी वाटी भरून कट ओतून घेतला. पुढे बराच वेळ मी कुणाशी बोललो नाही. मुलांना वाटलं, बाबांना चव फारच भिडली.

पण माझा खरा अभ्यास कर्जतचा. बटाटेवड्यावर बोलताना लोक आलं, लसूण, बेसनाचा थर यांतच अडकतात. घाटाचा चढ कुणी विचारातच घेत नाही. बोरघाटाचा चढ १:३७. म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की गाडी १ फूट वर. हे एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. जोडायला वेळ लागतो आणि त्या वेळात वडे खपतात. तेव्हा या वड्याच्या कीर्तीत निम्मा वाटा सह्याद्रीचा, असा माझा सिद्धान्त आहे. तो मी समोरच्या बाकावरच्यांना ऐकवतो. ते खिडकीबाहेर बघतात. एक व्यावहारिक सूचनाही देतो: मागून इंजिन लागल्याचा धक्का बसेल तेव्हा वडा तोंडाशी नसावा. लसणाची चटणी थेट शर्टावर.

माझे वडील डबा सोबत असतानाही कर्जतला उतरायचेच. शिट्टी झाली की आई दारातून "अहो!" म्हणून ओरडायची आणि फलाटावरचे यच्चयावत नवरे वळून बघायचे. वडील तेवढे बघायचे नाहीत. सुट्टे पैसे घेतल्याशिवाय ते हलत नसत.

मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३ मध्ये आली. ती बँकर न घेता घाट चढते आणि कर्जतला थांबत नाही. इंजिनिअर मंडळींचं कौतुक आहेच, पण त्या न उघडणाऱ्या काचेतून फलाट सर्रकन मागे जातो तेव्हा मला राग येतो. नेमका कुणाचा ते सांगता येत नाही. वेळ वाचतो हे खरं. वाचलेल्या वेळात मी मोबाइल बघतो.

घराजवळ तरी आपल्याला मान आहे, अशी माझी समजूत होती. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर मी वर्षानुवर्षं खातोय. तेल तापलं की नाही, घाणा कधी काढावा, यावर गाडीवाल्याला विनामूल्य सल्ला देतोय. परवा बायको सोबत नव्हती. त्यानं मला न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही वहिनींचे मिस्टर ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग थांबा. वहिनी आल्या की पहिल्या घाण्यातले देतो."

"त्या येणार नाहीयेत."

तो जरा हिरमुसला. कढईशेजारच्या ताटलीतला गार वडा त्यानं पावात भरला आणि वर एक तळलेली मिरची ठेवली. ती वहिनींच्या खात्यावर.