काकवीतच थांबले

आमचे सासरे नाना नायगारा बघून म्हणाले होते, "पावसात एकदा आंबोलीला या." लेकीकडे सहा महिने राहायला आलेल्या ज्या वडिलांना अमेरिकेतलं सगळं आपल्याकडे आधीपासून असल्याचं आढळतं, त्या गोत्रातले ते. त्यात करवीर तालुक्यात त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ. अशा माणसाला मार्चअखेरीस व्हरमाँटला मेपल सिरप दाखवायला नेण्याची दुर्बुद्धी माझीच.

चिखल तुडवत झाडापाशी गेलो. रात्री गोठण आणि दिवसा ऊब असली की मेपलच्या खोडातून रस पाझरतो. बादलीत टपटप चालली होती. नानांनी बोट बुडवून चाटलं.

"पाणी आहे."

साखर जेमतेम दोन टक्के. ४० लिटर आटवावं तेव्हा लिटरभर सिरप, असं मी सांगितलं.

"उसासमोर बोलू नका हे."

शुगरहाऊसच्या छपरातून वाफेचे लोट निघालेले दिसले आणि नानांची चालच बदलली. हात पाठीमागे बांधून ते थेट भट्टीच्या तोंडाशी. चिपाडं नाहीत, लाकडं जाळतायत, हे बघून थोडे हळहळले. तेवढ्यात कढईत फेस फुगून वर आला. मालकानं त्यात लोण्याचा इवलासा गोळा टाकला. फेस मुकाट्यानं खाली बसला.

"तेल! आम्ही तेल सोडतो की हो! गुळव्या आहे हा, गुळव्या!"

मालकाला मराठी येत नव्हतं, नानांना इंग्रजी. मी दुभाष्या म्हणून पुढे सरसावलो, तर दोघांनीही मला हातानंच बाजूला केलं. पुढची दहा मिनिटं जाळ, फेस आणि मळी यांवर चर्चा झाली. माझी मुलगी कंटाळून लाकडं मोजायला लागली.

मग मालकानं पसरट डाव वर धरला. कडेवरून थेंब पडेनात, जाडसर पदर लोंबला. उष्णमापक उकळत्या पाण्याच्या चारेक अंश वर होता. त्यानं तोटी उघडली.

"अहो, थांबा! आत्ताच कुठं उतरवताय? ढेप कशी वळणार?"

ढेप नको, असंच पातळ विकतात, हे मी समजावलं. नानांनी मालकाकडे अतीव करुणेनं पाहिलं. "काकवीतच थांबले बिचारे."

बाहेर बर्फावर ओतलेलं गरम सिरप मिळालं. सोबत डोनट आणि, इथल्या रीतीप्रमाणे, आंबट काकडीचं लोणचं. नानांनी एक घास याचा, एक त्याचा असं सगळं संपवलं. "हे मात्र आपल्याकडे नाही," ते म्हणाले. बायकोनं मला चिमटा काढला.

दुकानात मेपलच्या पानाच्या आकाराच्या साखरेच्या वड्या होत्या. उसाची साखर स्वस्त होण्याआधी इथले लोक सिरपपेक्षा साखरच जास्त करत, असं मालक म्हणाला. मी ते मराठीत सांगितलं.

"म्हणजे येत होतं यांना!"

परतताना गाडीत नाना तळहातावर ती वडी घेऊन बसले होते. मधेच म्हणाले, "जावईबापू, गुळाचा ३० किलोचा रवा बघितला असेल का हो त्यानं?"

"नसेल."

"मग विचारा की त्याला. डिसेंबरात येतो का म्हणावं."