खालची कड

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही, वाटपाबद्दल आहे. त्यातला बराचसा आमच्या पश्चिमेच्या खिडकीवर पडतो. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की आमच्याकडचा पाऊस वरून खाली येण्याचा रिवाज सोडतो आणि समुद्राकडून आडवा, थेट घरात शिरायच्या इराद्याने येतो. अशा गावात, अशा तोंडाला लाकडी खिडकी बसवणारा माणूस एकतर पैसेवाला असतो, नाहीतर हट्टी. मी पैसेवाला नाही, हे बँकेला आणि बायकोला दोघींनाही ठाऊक आहे.

घर बांधायला काढलं की सल्ले फुकट मिळतात. सिमेंट तेवढं विकत घ्यावं लागतं. पाया, स्लॅब, प्लंबिंग यांवर मौन पाळणारी माणसंसुद्धा खिडकीचा विषय निघाला की सरसावून बसतात. शेजारचे अण्णा म्हणाले, "ॲल्युमिनियम स्लायडिंग टाका. डोक्याला ताप नाही." मेहुणे यूपीव्हीसीचे. त्यांनी मला मुद्दाम घरी बोलावून आपल्या खिडकीवर ओला फडका फिरवला, "झालं मेंटेनन्स!" म्हणाले आणि फडका माझ्या हातात दिला. बायकोने सल्ला दिला नाही. तिने एवढंच विचारलं, "लावा लाकडी. पण तिच्याकडे बघणार कोण?"

हा टोमणा होता, पण लाकडी खिडकीचं सगळं शास्त्र त्यात येऊन जातं. घरात खिडकी ही एकच वस्तू अशी आहे, की जिच्याकडे कुणी बघत नाही. सगळे तिच्यातून पलीकडे बघतात. सोफ्यावरचा डाग दिसतो, पंख्यावरची धूळ पाहुण्यांना दिसते, पण "तुमच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात लाकूड काळं पडतंय हो" असं सांगणारा पाहुणा अजून आमच्याकडे चहाला आलेला नाही.

कोकणातल्या जुन्या घरांनी यावर फार हुशारीने तोड काढली होती. खिडकीवर पाऊस पडूच द्यायचा नाही. कौलारू छपराची वळचण भिंतीच्या चांगली पुढे आलेली, तिच्याखाली पडवी, आणि मे संपता संपता आगोटीच्या कामांत पडवीला बाहेरून माडाच्या झावळांची झापं बांधायची. पागोळ्या अंगणात, खिडकी घराच्या पोटात. म्हणून जुन्या घरांत फणसाच्या चौकटी अजून ठणठणीत सापडतात आणि आपण फणसाचं कौतुक करतो. अर्धं कौतुक वळचणीच्या वाट्याचं असतं. आमच्या आर्किटेक्टने वळचण सोडाच, छज्जाही ठेवला नाही. "एलेव्हेशन क्लीन दिसतं," म्हणाले. दिसतं खरं. पाऊसच धुतो ते.

खिडक्यांसाठी मी आधी एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. हल्लीची लाकडी खिडकी बघून आपण मोटार घ्यायला आलोय की काय, असं वाटतं. चौकट एका लाकडाची नसते. तीन पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या, रेषांची दिशा अशी उलटसुलट, की एक वाकायला निघाली तर दुसरीने तिला धरून ठेवावं. दोन काचा, त्यांच्या मध्ये कोंडलेली हवा, कडेने रबराची पट्टी, आणि एक मूठ फिरवली की वरखाली चार ठिकाणी कुलूप. दहा वर्षांची वॉरंटी. मी अटी वाचल्या. थेट पाऊस, थेट ऊन आणि समुद्राची खारी हवा यांनी होणारं नुकसान वॉरंटीत बसत नव्हतं.

"मग वॉरंटी कशाची?"

"मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टची, सर."

म्हणजे खिडकी कारखान्यातून निघेपर्यंत जबाबदारी त्यांची. निघाली की निसर्गाची. मी नमस्कार करून उठलो आणि गावातल्या मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्रींकडे वॉरंटी नाही, मतं आहेत. आंबा खिडकीला चालत नाही, फणस चालतो पण पुरेसा रुंद मिळत नाही, आणि साग म्हणून मिळतो त्यातला सगळा साग नसतो. आम्ही वखारीत गेलो. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हापासून मला भेटलेल्या प्रत्येक वखारवाल्याकडे "तोच माल" आहे. देवळाला काही उरलं असेल की नाही, याची काळजी वाटते. मिस्त्रींनी फळी उचलली, आडवी धरली आणि कडेच्या फिकट पट्ट्यावर नख ओढलं. "भाऊ, हा पांढरा भाग वाळवीचा. आतला तांबूस तेवढा तुमचा." लवकर वाढवून लवकर तोडलेल्या झाडात वाळवीचा वाटा जास्त असतो आणि पैसे मात्र आपण दोघांचेही मोजतो. सागाचा टिकाऊपणा सगळा गाभ्यात, तिथल्या तेलात आणि अर्कात. कडेच्या पांढऱ्या लाकडाला त्याचा पत्ता नसतो.

साग म्हटलं की रत्नागिरीकराने थिबा राजाचं नाव घ्यायलाच हवं. १८८५ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने सागाचे ओंडके कमी दाखवून नेले, असा ठपका ठेवून ब्रह्मदेशच्या थिबाच्या दरबाराने तिला जबर दंड केला. इंग्रज निमित्ताच्या शोधात होतेच. लढाई झाली, राज्य गेलं आणि राजाला आणून ठेवलं आमच्या गावात. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्याला अर्धगोल लाकडी खिडक्या आहेत. १९१६ मध्ये वारेपर्यंत राजा रत्नागिरीचा पाऊस बघत राहिला. इतिहासकार त्याला काय म्हणायचं ते म्हणोत. लाकडाकडे नीट लक्ष देणारा माणूस होता, एवढी साक्ष मी देईन.

आमच्या खिडक्या मिस्त्रींनी केल्या. झडप आणि चौकट यांच्यात किती फट ठेवायची, हे त्यांनी खिशातलं दोन रुपयांचं नाणं सरकवून ठरवलं. नाणं चारही बाजूंनी फिरलं पाहिजे. मला हा अडाणीपणा वाटू नये म्हणून मी हिशेब मांडून बघितला. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला फुगतं. झडपेच्या दोन उभ्या पट्ट्या मिळून चौदा सेंटिमीटर. वखारीतून आलेल्या वाळलेल्या लाकडात साधारण १२ टक्के ओल असते, ती आमच्या आषाढात १८च्या घरात जाते. एवढ्यात त्या दोन पट्ट्या दीड-दोन मिलिमीटर फुगतात. दोन रुपयांचं नाणं साधारण तेवढंच जाड असतं. रिझर्व्ह बँकेने ही सोय जाहीर करायला हवी होती.

मिस्त्रींचा दुसरा नियम: आषाढात रंधा मारायचा नाही. पावसात खिडकी घट्ट बसली की घरातल्या माणसाचा हात शिवशिवतो, कुणीतरी कड तासून देतं, आणि पौषात तीच खिडकी वाऱ्यावर रात्रभर दात वाजवते. फुगलेली खिडकी आजारी नसते. ती थांबून राहिलेली असते, आणि आपणही थांबायचं असतं.

ओलीचं हे गणित फार नेमकं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला २० टक्क्यांच्या वर ओल लागते. नुसत्या दमट हवेने आपलं लाकूड १८पर्यंत जाऊन थबकतं. म्हणजे कोकणातली हवा खिडकीला फुगवते, कुजवत नाही. वरचे दोन टक्के आणून देतं ते कुठेतरी साचून राहिलेलं पाणी. ते साचतं तिथे, जिथे कुणी बघत नाही.

ती जागा म्हणजे झडपेची खालची कड. उभी पट्टी तिथे आडवी कापलेली असते. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांनी पाणी वर चढायचं, त्यांची तोंडं त्या कापलेल्या टोकाला उघडी पडतात. झाड मेलंय, पण नळ्यांना ते कुणी कळवलेलं नसतं. त्या इमानदारीने पाणी ओढत राहतात. आणि रंगारी नेमकी तीच कड सोडून देतो, कारण ती कुणाला दिसत नाही. माणसांना दिसत नाही. पाण्याला बरोबर दिसते.

म्हणून मी दाढीचा आरसा घेतो, झडप उघडतो आणि आरसा खालून धरून कड वाचतो. हे काम आगोटीला करायचं असतं, आणि पश्चिमेची खिडकी अण्णांच्या न्हाणीघराच्या दिशेला आहे. पहिल्या वर्षी अण्णांनी आमच्या बायकोला फाटकाशी गाठून हलक्या आवाजात विचारलं, "यांचं सगळं ठीक ना?" तिने सांगितलं, "खिडकी बघताहेत." अण्णांना ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या न्हाणीघराला पडदा आला.

रंगाऱ्यावर मात्र मला पहारा ठेवावा लागतो. माणूस कष्टाळू, पण जिथे फट दिसेल तिथे लांबी भरायची, हा त्याचा धर्म. खिडकीच्या उंबऱ्याला खालून, बाहेरच्या कडेपासून बोटभर आत, मिस्त्रींनी एक बारीक खाच मारली होती. ओघळून आलेला थेंब उंबऱ्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकू लागला की त्या खाचेशी अडतो आणि खाली पडतो. मिस्त्रींनी कष्टाने मारलेली ती खाच रंगाऱ्याने त्याहून कष्टाने बुजवली. वर कौतुकाची अपेक्षा केली. मिस्त्रींनी पटाशीने ती पुन्हा उघडली, तेव्हा दोघंही माझ्याकडे बघत होते आणि मजुरी दोघांचीही मीच दिली.

पॉलिशवरूनही आमचं बिनसलं. "साहेब, काचेसारखं चमकवतो," तो म्हणाला. बिनरंगी चकचकीत पॉलिशचा घोळ असा, की ऊन त्याच्या आरपार जातं आणि लाकडाचे धागे बांधून ठेवणारं द्रव्यच जाळतं. वर चकाकी तशीच, खाली लाकडाचा भुगा. मग पापुद्रा सुटतो, त्यात पाणी शिरतं आणि जाड पापुद्र्याखालून त्याला बाहेर यायला वाट नसते. त्यापेक्षा थोडा रंग असलेला, लाकडाला श्वास घेऊ देणारा पातळ हात बरा; तो उडाला तरी खरवडावा लागत नाही, पुसून वर दुसरा द्यायचा. रंगाऱ्याने ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. "एवढा साग, आणि त्यावर रंग!" त्या दिवशी त्याने जेवण निम्मंच घेतलं.

चौकटीची भिंतीत जाणारी बाजू मात्र मिस्त्रींनी कुणाला हात लावू दिली नाही. तिथे काजूच्या टरफलांचं तेल. कोकणात होड्यांनासुद्धा ते लावायची रीत आहे, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. माणसानेही जाऊ नये. मदत करायच्या उत्साहात मी डबा उचलला, आणि पुढचा आठवडा दोन्ही मनगटं उतलेली. बायकोने खोबरेल लावताना विचारलं, "वाळवी तुम्हीच का?"

गणपतीला भाचा नेदरलँड्सहून आला होता. तिकडच्या लाकडी खिडक्यांचं त्याने फार कौतुक सांगितलं. आर्नहेम शहरात पाइनच्या साध्या लाकडावर ॲसेटिक आम्लाच्या भावंडाची प्रक्रिया करतात. लाकडातल्या ज्या जागांना पाणी चिकटतं, त्या जागा आधीच भरून टाकायच्या. मग लाकूड फारसं फुगत नाही, बुरशीला खायला मिळत नाही, आणि जमिनीपासून वर असेल तर ५० वर्षांची हमी. आई सगळं लक्ष देऊन ऐकत होती. तिने विचारलं, "आम्ल म्हणजे व्हिनेगरातलंच ना? म्हणजे आपण कैरी मुरवतो, ते खिडकी मुरवतात." भाचा रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "आजी, साधारण तेच." मामा म्हणून मी फक्त एवढं विचारलं, की तिकडे रंग पुन्हा द्यावा लागतो का. "लागतो की, मामा. काही वर्षांनी." मग मला बरं वाटलं.

डोक्याला ताप नसलेल्या खिडकीची हकीकतही सांगायला हवी. अण्णांच्या स्लायडिंगच्या रुळांत खारं पाणी साचतं, चाकं गंजून बसली आहेत आणि तो सेक्शन आता कंपनी काढत नाही. एक झडप कायमची अर्धी उघडी असते. त्यांना याचा काही त्रास नाही. ते त्या उघड्या अर्ध्यातून बाहेर बघतात, मी माझ्या खिडकीकडे बघतो, आणि समुद्र कुणाला जास्त दिसतो याचं उत्तर मी बायकोसमोर देत नाही.

आमचे चिरंजीव पुण्याला असतात. मागच्या मे महिन्यात आले तेव्हा मी स्टुलावर, हातात आरसा. मिस्त्री पितळी बिजागऱ्यांत तेल सोडत होते. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पुढे मी हे सगळं काढून यूपीव्हीसी टाकणार आहे."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "टाका की. जुन्या सागाला गिऱ्हाईक टपलेलं असतं. वाकायचं ते वाकून झालेलं लाकूड, नवीन कुठे मिळतंय? या खिडक्या विकल्यात तर तुमचं यूपीव्हीसी होऊन वर पैसे राहतील." मग थेंबभर तेल आणखी सोडून म्हणाले, "खालची कड तेवढी शाबूत पाहिजे."

चिरंजीव काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून रविवारी त्यांचा फोन आला, की पहिला प्रश्न खालच्या कडेचा असतो. माझ्या गुडघ्यांची चौकशी त्यानंतर होते.