पैसे सोडून सगळं

मार्चअखेरीस क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांना फ्रीलान्सरची अचानक आठवण येते. बिल खर्चात दाखवायचं असतं ना! मग १० टक्के टीडीएस कापून सरकारजमा होतो, प्राप्तिकराच्या पोर्टलवर आपल्या नावापुढे झळकतोही. आपण कमावल्याचं सरकारला कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते फक्त आपल्या बँकेला. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये.

२००६चा एमएसएमई कायदा सांगतो, उद्यम नोंदणीवाल्याचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे कलम ईमेलमध्ये नुसतं टाकून बघा. साहेब मीटिंगमधून तडक बाहेर येतात नि दुखावल्या स्वरात विचारतात, ‘अहो, आपले घरोब्याचे संबंध, व्याज कसलं लावता?’ मुद्दलाचा विषय मात्र त्या फोनवर निघत नाही.