हात लावायचा नाही!

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्व भागात डोंगरांतून 23 क्रमांकाचा महामार्ग जातो. त्याला 'कंट्री म्युझिक हायवे' असंच नाव दिलेलं आहे, आणि ज्या काउंटीनं जो गायक दिला त्याच्या नावाची पाटी तिथं रस्त्याकडेला उभी आहे. उत्तरेकडून एखादा पिकअप ट्रक येतो. बिली रे सायरसच्या पाटीजवळ तो उगाचच वेग वाढवतो, रिकी स्कॅग्जच्या पाटीशी हळू होतो, लॉरेटा लिनच्या पाटीशी दोन मिनिटं थांबतो आणि पाइक काउंटीत पॅटी लव्हलेसच्या पाटीखाली त्याचं इंजिनच बंद पडतं. आतून जे गृहस्थ टोपी काढत उतरतात, ते आपले पॅटीभक्त.

वय साठीच्या पलीकडे कुठंतरी. नोकरी संपलेली, गुडघे कुरकुरणारे, कान मात्र तल्लख. निदान त्यांच्या मते. बायकोची हाक तिसऱ्या खेपेलाही पोचत नाही. पण पेडल स्टील गिटार गाण्यात कितव्या सेकंदाला शिरली, हे ते अंगणात गवत कापता कापता सांगतात. स्टील लवकर आली नाही तर ते गाणं कंट्री नव्हे. फिडल नसेल तर ते गाणंच नव्हे.

त्यांच्या धर्मात दोनच नियम. पहिला, जुन्या गाण्यांना कुणी हात लावायचा नाही. हँक विल्यम्स, जॉर्ज जोन्स, रे प्राइस, वेब पिअर्स जे गाऊन गेले ते सोवळ्यातलं. दुसरा, पॅटीनं वाटेल त्या गाण्याला हात लावावा. हे दोन नियम एकमेकांच्या उरावर बसतात असं कुणी सुचवलं, तर भक्त त्याच्याकडे दयेनं पाहतात आणि विचारतात, "तुम्ही 'स्लीपलेस नाइट्स' ऐकलेला दिसत नाही?"

'स्लीपलेस नाइट्स' हा पॅटीचा 2008 सालचा अल्बम. तेव्हा ती 51 वर्षांची होती. कंट्रीची पंढरी असलेल्या नॅशव्हिलच्या पंचांगात बाईमाणसानं या वयात पुरस्कार द्यायला यावं, घ्यायला नाही. रेडिओनं तिची नवी गाणी वाजवणं जवळपास सोडलेलं. अशा वेळी बाईंनी काय करावं? नवऱ्याला, एमरी गॉर्डी ज्युनिअरला, निर्मात्याच्या खुर्चीत बसवलं (हा एके काळी एल्विसच्या मागे बास वाजवलेला मुरब्बी गडी) आणि बहुतेक 1950-60च्या काळातली कढ आणणारी गाणी एकामागून एक गायली. जोन्सचं 1955चं 'व्हाय बेबी व्हाय', प्राइसचं 1956चं 'क्रेझी आर्म्स', पिअर्सचं 1953चं 'देअर स्टँड्स द ग्लास', हँकचं 'कोल्ड, कोल्ड हार्ट'.

भक्तांनी अल्बम घरी आणला तेव्हा मूळ रेकॉर्डी शेजारी काढून ठेवल्या होत्या, चूक पकडायला. त्या संध्याकाळभर तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून एक गुपित ते पोटात ठेवून आहेत: दोन-तीन गाणी त्यांना मुळापेक्षा हिच्या तोंडून जास्त आवडतात. चारचौघांत ते म्हणतात, "मूळ ते मूळ. पण ही गायली की मूळ आठवतं." खरं आहे, आठवतं. लावावंसं वाटत नाही, एवढंच.

मग तिलाच हा अधिकार का? इथं भक्त खुर्ची पुढे ओढतात आणि कुळकथा सुरू होते. खाणकामगाराची मुलगी. वडिलांची फुप्फुसं कोळशाच्या धुळीनं गेली, म्हणून कुटुंब डोंगर सोडून लुईव्हिलला आलं. लॉरेटा लिन तिची लांबची बहीण. पोरवयात विल्बर्न ब्रदर्सबरोबर गायला लागली, म्हणजे जिथं आधी लॉरेटा गायची तिथंच. 1992 मध्ये स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली, आणि आवाज काय परत आला! हे सगळं खरं आहे. पण भक्त ते असं सांगतात, की सूर-ताल हा तपशील वाटावा आणि कोळसा हाच राग.

या कसोटीवर बाकीच्या बायका धडाधड नापास होतात. मार्टिना मॅकब्राइडनं 2005 मध्ये 'टाइमलेस' काढला, तोही जुन्या गाण्यांचाच, जुन्या पद्धतीची वाद्यं हुडकून, स्वतः निर्माती होऊन. मला विचाराल तर झकास अल्बम आहे. भक्तांनी तो ऐकला, पायानं ठेकाही धरला, मग विचारलं, "ही कुठली?" कॅन्ससची, म्हटल्यावर पाय थांबला. "कॅन्ससमध्ये गहू पिकतो," ते म्हणाले, "दुःख नाही."

एकदाच त्यांची पंचाईत झाली. स्थळ नॅशव्हिलचं रायमन सभागृह, 1892 साली प्रार्थनेसाठी बांधलेलं, लाकडी बाकांचं. भक्त तिथं घरून उशी घेऊन जातात, कारण श्रद्धा कितीही असली तरी माकडहाड ते माकडहाड. शेजारच्याला ते समजावत होते, की जोन्सच्या 'शी थिंक्स आय स्टिल केअर'मधल्या 'ती'चा 'तो' करून पॅटीनं ते गाणं बाईच्या तोंडी घालून दाखवलं. शेजारी म्हणाला, "ॲन मरेनं 1974 मध्येच केलं ते. पहिल्या क्रमांकावरही गेलं होतं." भक्त गप्प. मग त्यांनी घसा साफ केला. "ॲन मरे कॅनडाची," ते म्हणाले, आणि उशी सरळ केली.

पण खरी गंमत या गाण्यांच्या आशयात आहे. भक्त दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर. लग्न एकच, तेही शाळेतल्या मैत्रिणीशी. पेय बर्फ घातलेला गोड चहा. आणि जीव कशात अडकलाय? 'देअर स्टँड्स द ग्लास'मध्ये माणूस दुःख विसरायला पेला उचलतो. 'प्लीज हेल्प मी, आय ॲम फॉलिंग'मध्ये बांधलेला माणूस दुसरीकडे घसरतो. 'डोंट लेट मी क्रॉस ओव्हर'मध्ये मर्यादेची रेघ ओलांडू की नको, अशी तगमग. हे सगळं भक्त डोळे मिटून, डोकं हलवत, जणू आपल्याच घरी घडलं अशा चेहऱ्यानं ऐकतात. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विश्वासघात ट्रकच्या गिअरबॉक्सनं केला होता, तोही वॉरंटी संपल्यावर. तरी पॅटीनं वरचा सूर लावून किंचित मोडला की यांच्या गालावरून पाणी. बायको भाजी निवडता निवडता पाहते. ती एकदाच म्हणाली, "आपल्या लग्नात नव्हता रडलात हो." त्यावर भक्तांनी तिला दुसरं कडवं नीट ऐकायला सांगितलं.

अस्सलपणाचा इतिहास त्यांच्यापुढे काढू नये. हँकला ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमानं 1952 मध्ये काढून टाकलं होतं. ऑप्रीच्या मंचावर कित्येक वर्षं ड्रमला नीट प्रवेश नव्हता. आज ज्या रे प्राइसला हे देव्हाऱ्यात बसवतात, त्यानं 1967 मध्ये व्हायोलिनांचा ताफा घेऊन 'डॅनी बॉय' गायलं तेव्हा यांच्या तीर्थरूपांनी त्याच्या नावानं आंघोळ केली होती. त्या वयात भक्तांना मात्र ते गाणं आवडायचं. हे त्यांच्या धाकट्या भावाला अजून आठवतं, म्हणून धाकट्या भावाला नाताळात रेकॉर्ड प्लेअरपासून लांब बसवतात.

स्तुतीचा त्यांचा ठरलेला मासला असा: "तिनं टेलिफोनची डिरेक्टरी गायली तरी मी विकत घेईन." निम्म्या अमेरिकेतले चाहते आपापल्या गायिकेबद्दल हेच म्हणतात, आणि आता डिरेक्टऱ्याच कुठं दिसत नाहीत, त्यामुळे वचन पाळण्याचा प्रसंगही यायचा नाही. 2015 मध्ये एका रेडिओ सल्लागारानं, कंट्रीच्या सॅलडमध्ये पुरुष म्हणजे पाला आणि बायका म्हणजे टोमॅटो, तेव्हा बायकांची गाणी बेतानं वाजवा, असा सल्ला दिला. केवढा गहजब झाला! भक्तांनी निषेध म्हणून रेडिओ बंद करायचं ठरवलं. उठून पाहतात तो रेडिओ 1999 पासून बंदच.

2022च्या सीएमए, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनच्या, पुरस्कार सोहळ्यात पॅटी ख्रिस स्टेपलटनबरोबर केंटकीच्या खाणींवरचं गाणं गायली. भक्तांनी सगळ्या घराला टीव्हीपुढे बसवलं. गाणं संपलं, सभागृह उभं राहिलं, आणि भक्त कडाडले, "एकच गाणं? एकच?"

त्यांची मुख्य तक्रार मात्र वेगळीच होती, वर्षानुवर्षं जपलेली. पॅटी अजून कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये कशी नाही? न्हाव्याकडे तीच, दवाखान्यात तीच, पेट्रोल भरताना तीच. 2023 मध्ये तान्या टकर आणि गीतकार बॉब मॅकडिल यांच्या जोडीला पॅटीही आत गेली. भक्त दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत बसले आणि बोलायला काहीच नाही. न्हावी घाबरला, तब्येत बरी आहे ना म्हणाला. आठवडाभर असंच सुतक. मग कुणीतरी सांगितलं, की हॉलमध्ये एक जागा आळीपाळीनं मिळते: एका वर्षी गीतकाराला, एका वर्षी वादकाला, एका वर्षी पडद्यामागच्या माणसाला. म्हणजे वादकाची पाळी दर तीन वर्षांनी. भक्तांनी चष्मा लावला, 'स्लीपलेस नाइट्स'चं वेष्टन काढलं आणि बारीक अक्षरातली वादकांची नावं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. चेहरा हळूहळू लाल होत गेला. "यातले सगळे आत नाहीत?" ते ओरडले. "सगळे?" आणि टोपी घालून, दाढी वाढलेली नसताना, न्हाव्याकडे निघाले.