देठ बघा, देठ!

आषाढात मंडईत कुणी गृहस्थ अळूची जुडी उलटी धरून उभे दिसले, तर ते आमचे अण्णामामा किंवा त्यांच्याच पंथातलं कुणीतरी समजावं. भाजीवाली म्हणते, "ताजंय हो." मामा म्हणतात, "देठ बघू दे." काळपट-जांभळा देठ आणि जाड पान वडीसाठी, हिरवा देठ, मऊ पान फतफत्यासाठी. हा पाठ शेजारच्या अनोळखी बाईंनाही मिळतो. त्या बिचाऱ्या कोथिंबीर घ्यायला आलेल्या असतात.

घरी मामा जमिनीवर पेपर पसरतात. पानामागच्या शिरा तासायच्या, त्या त्यांनीच. सगळ्यांत मोठं पान खाली, पालथं; त्यावर चिंच, गूळ, तिखट, तीळ घातलेलं बेसन; वर उलट्या दिशेने दुसरं पान. मग उंडा वळून वाफेला. कुठपर्यंत पीठ उडालं, ते मामी बघतात.

एकदा वडी घशाला खवखवली. भाचा म्हणाला, "कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात मामा, त्यांनी." मामा म्हणाले, "ते तुझ्या कॉलेजात. आमच्याकडे त्याला चिंच कमी पडणं म्हणतात."

लग्नकार्याचं मोजमापही अळूवरूनच. चणाडाळ शिजलेली हवी, शेंगदाणे दाताखाली यावेत, खोबऱ्याचे काप पातळ हवेत. "मुलगी छान आहे हो, पण अळू पाणीदार होतं," असं ते बसमध्ये सांगतात, तेही मुलीच्या आत्याला.

गोव्याच्या वहिनींनी तांदूळ-खोबरं वाटून केलेले पत्रोडे आणले, तर मामा म्हणाले, "चांगलंय. पण ही वडी नव्हे." आणि चार खाल्ले. मनिलात नोकरीला असलेल्या भाचीने नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूचा, लाईंगचा फोटो पाठवला. मामांनी चष्मा वर करून निरखला. "चिंच दिसत नाही. पोरीचा घसा धरणार."

पूर्वी वाड्यात मोरीच्या पाण्यावर अळू माजायचं. फ्लॅटमध्ये मोरी कुठून आणणार? मामांनी गॅलरीत फुटकी बादली ठेवून एसीचं पाणी तिच्यात सोडलं. खालच्या मजल्यावर ठिपके पडू लागले, सोसायटीत लेखी तक्रार गेली. मामांनी उत्तरादाखल डबाभर वड्या पाठवल्या. तक्रार मागे घेतली गेली. परवा खालचे काका स्वतः वर आले आणि दारातच म्हणाले, "अण्णा, एसी बंद का ठेवलाय हो हल्ली?"