सी ड्राइव्हवरील अतिक्रमण

एकेका गुणाचा हिशेब ठेवणाऱ्या लातूर-नांदेडच्या घरांत संगणक मंदावला की निदान बहुधा ‘व्हायरस’ असेच होते आणि उपचार म्हणून ‘रिफ्रेश’चा जप सुरू होतो, ज्याने पडद्यावरील चिन्हे पुन्हा रेखाटली जाण्यापलीकडे काहीही घडत नाही. ‘नीट’च्या प्रश्नसंचांनी आणि मामाच्या लग्नाच्या अख्ख्या व्हिडिओने सी ड्राइव्ह, म्हणजे जिथे विंडोज स्वतः नांदते तो कप्पा, लाल पट्टी दिसेपर्यंत भरतो, रिसायकल बिन, अर्थात खोडलेल्या फायली जपणारी टोपली, रिकामी करण्याचा मुहूर्त मात्र निघत नाही. विंडोज ७मध्ये डीफ्रॅगची, म्हणजे फिरत्या तबकडीवर विखुरलेले फायलींचे तुकडे सलग लावण्याची, ठरवून दिलेली वेळ बुधवारी रात्री १ची होती, आणि नेमके तेव्हाच वीजबिलाच्या धाकाने मुख्य बटण बंद असे.