कॅमेऱ्याचे नाना

नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटो क्रेटचा सौदा व्हायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. दोन फळं दाबायची, आकडा बोलायचा, माल गाडीत. त्याच गावात घरगुती वापराचा, खिशाला परवडणारा एक साधा डिजिटल कॅमेरा घ्यायचा म्हटलं की माणूस दोन मोसम अडकून पडतो. कारण वाटेत नाना बसलेले असतात.

नाना हा एक वाण आहे. मंचर, ओतूर, जुन्नर कुठंही टपरीवरच्या बाकावर उगवतो, पण आमच्या पाण्यावर जास्त पोसतो.

शाळेतल्या बाईंनी विचारलं, "नाना, दहा हजारांत कुठला घेऊ?" "कशासाठी पाहिजे?" हा नानांचा पहिला प्रश्न, आणि तो रास्तच आहे. (नानांचं बहुतेक सगळं रास्त असतं, तीच अडचण आहे. थापा मारत असते तर लोक केव्हाच कॅमेरे घेऊन मोकळे झाले असते.) बाई म्हणाल्या, शिवनेरीची सहल, भाचीचं बारसं, झालंच तर मुक्ताईची जत्रा. एवढ्यावर थांबायचं सोडून त्यांनी विचारलं, "मेगापिक्सेल किती असावेत?"

नानांनी पेन काढलं. सहा बाय चारचा फोटो छापायचा तर अठराशे गुणिले बाराशे ठिपके, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या किंचित वर. गुणाकार तळहातावर मांडून दाखवला. शेजारच्या कार्यकर्त्याला मात्र चौकातल्या फ्लेक्सची काळजी पडली. "फ्लेक्स लांबून बघायचा असतो," नाना म्हणाले. "जवळ जाऊन भाऊंच्या मिशा कोण मोजतंय?"

नानांचा खरा जीव सेन्सरवर. स्वस्तातल्या छोट्या कॅमेऱ्यात तो जेमतेम सहा मिलिमीटर रुंद असतो. महागड्या फुल फ्रेममध्ये छत्तीस. त्या सहा मिलिमीटरवर वीस मेगापिक्सेल कोंबले तर एकेकाच्या वाट्याला उजेड येणार किती? हे पटवायला नाना खोडदच्या दुर्बिणीला साक्षीला उभं करतात. "पंचेचाळीस मीटरची एकेक तबकडी हौस म्हणून बांधली का? तोंड मोठं तर माल जास्त!" एकदा एका पोरानं तोंड उघडलं, "पण नाना, त्या तर तीस आहेत. म्हणजे आकडाही लागतोच की." नानांना त्या क्षणी घरचं काहीतरी तातडीचं आठवलं. चहाचे पैसे बाईंनी दिले.

मळ्यातल्या एका गड्याला बिबट्याचा फोटो काढून वनखात्याला दाखवायचा होता. नानांनी त्याला बजावलं, ऑप्टिकल झूम तेवढा खरा, डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून ताणलेला, पैसे त्याला देऊ नकोस. इथवर ठीक होतं.

"पण नाना, त्यो रात्री येतो."

"मग फ्लॅश. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश पोचतो तीनेक मीटर."

"म्हंजी बिबट्या तीन मीटरवर पाहिजे?"

"हां."

"मंग फोटो कोण काढणार? मी का त्यो?"

द्राक्षवाल्याचं काम मात्र नानांनी चोख केलं. त्याला डावणी पडलेल्या पानाचा जवळून फोटो हवा होता. नानांनी त्याच्याच जुन्या कॅमेऱ्यावरचं फुलाच्या चित्राचं बटण दाबायला लावलं. पानावरची बुरशी स्वच्छ दिसली आणि नवा कॅमेरा घेण्याचं कारणच संपलं.

बजेट आमच्याकडे क्रेटात बोलतात. २०२३ च्या जुलैत क्रेटनं दोन हजारांची वेस ओलांडली, तेव्हा टपरीवर मिररलेसखाली कोणी बोलेना. नानांनी तेव्हाही थांबायला सांगितलं, नवीन मॉडेल येतंय म्हणून. सप्टेंबरात भाव असा कोसळला की तीच मंडळी सेकंडहँड कॅमेऱ्यांची चौकशी करू लागली. थांबलेल्यांचे पैसे वाचले, हे श्रेय नाना आजही घेतात.

बॅटरीवर त्यांचं वेगळं प्रवचन आहे. जत्रेत रात्री अकराला कॅमेरा मेला तर काय करणार? कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतले बरेच कॅमेरे दोन पेन्सिल सेलवर चालायचे, आणि सेल पानाच्या टपरीवरही मिळतात. साधे घेऊ नका, दहा फोटोंत मान टाकतात, चार्ज होणारे घ्या. खांद्यावरच्या काळ्या बॅगेतून ते तसे चार काढून दाखवतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या पडल्या की गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी देऊन परतही जातात. तेवढ्या वेळात नानांचं अॅपर्चर संपत नाही.

परवा कॉलेजातली एक मुलगी आली. तिला जुनाच डिजिटल कॅमेरा हवा होता, "फ्लॅशमध्ये चेहरे पांढरेफटक येतात ना, दाणेदार, तसला." नानांनी बाकाची कड धरली. सारी हयात ज्या दाण्यांशी वैर केलं, ते पोरीला मुद्दाम हवे होते! पण सावरले. जुना घेताना लेन्स आतबाहेर अडखळते का बघ. सेलच्या कप्प्यात हिरवा गंज आहे का बघ. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, डाग असला तर लगेच कळेल. आणि फार जुना असला तर दोन जीबीच्या वरचं कार्ड ओळखणार नाही, तेही आधी विचार.

मुलगी खूश झाली. "नाना, तुमचा दाखवा ना."

नानांनी बॅग उघडली. लेन्स पुसायचं मऊ कापड निघालं. हवेचा फुगा, बुटका तिपाया, दोन मेमरी कार्डं, मनगटाची दोरी, चार्जर, ते चार सेल आणि रबरबँड लावलेली कंपन्यांची माहितीपत्रकं निघाली. मुलीनं बॅगेत वाकून पाहिलं, मग नानांकडे.

"सगळं घेऊन ठेवलंय," नाना म्हणाले. "कॅमेऱ्याचं तेवढं दिवाळीत बघू."